एका बाकाचा नियम

२० जुलै

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल आहोत. धरणाचं काम रडतखडत चाललंय, क्वार्टरच्या भिंतींना ओल आलीय. तुझी भावजय म्हणते, नवऱ्यापेक्षा सिमेंट बरं, ते निदान एकदा बसलं की घट्ट राहतं.

लिहायचं कारण वेगळं आहे. परवा खारू चार दिवस इथं आली होती, तेव्हा वेणी घालताना हिला तिच्या दंडावर टोचल्याच्या बारीक खुणा दिसल्या. आधी डास चावले म्हणाली. मग आईच्या कुशीत शिरून सांगितलं, की शेजारी बसणारा छापखानेवाल्याचा मुलगा बाकाखालून कंपासचं टोक टोचतो, आणि हूं का चूं केलंस तर आणखी टोचीन म्हणतो. तुझ्याच घरी राहते, मग आत्याला का नाही सांगितलंस, असं विचारलं. तर म्हणाली, घरी आत्या असली तरी शाळेत ती मोठ्या बाई आहे, आणि बाईंनीच मला तिथं बसवलंय.

ताई, तिची जागा तेवढी बदल. दुसरं काही मागत नाही. माया आहेच, ती असू दे.

धाकटा

२९ जुलै

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसूच आलं. नदी अडवायला निघालास आणि पोरीच्या दोन थेंबांनी विरघळलास! अरे, ती दोघं वर्गात कडाकडा भांडली म्हणून तर मी त्यांना एका बाकावर बसवलं. तुला का हे नव्यानं सांगायचं? लाकडाच्या वखारीत आजोबांनी शाळा काढली तेव्हा दोनच गोष्टी ठरवल्या. इथून कुणाला काढायचं नाही, आणि भांडणाऱ्यांना वर्षभर एका बाकावर बसवायचं. छडी नाही, अंगठे धरणं नाही. अनुदान घेतलं नाही तेसुद्धा याचसाठी, उगाच कुणी येऊन आपल्याला शहाणपण शिकवायला नको. त्या बाकांवरून किती जिवलग दोस्त उठले! तुझा दातांचा डॉक्टर आठव. दुसरीत कडकडून चावला होता तुला, आणि आता तुझेच दात सांभाळतोय.

तिचा दंड मी पाहिला. मुंगी चावावी एवढंसं आहे. त्या मुलालाही बोलावलं, तर मान खाली घालून उभा, अगदी गरीब गाय. आज भाचीची जागा बदलली तर उद्या लोक म्हणतील, बाईंचे नियम फक्त लोकांच्या पोरांना. सहामाहीपर्यंत दोघं एका डब्यात जेवतात की नाही बघ.

खारू पेन्सिली कुरतडते, बाकी ठीक. सौ.ला आशीर्वाद. माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

ताई

१८ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल फोनवर खारू नुसती हो-नाही करत होती. फोन तुझ्या टेबलावर, ती बोलणार तरी काय! शेवटी रडू दाबत एवढंच म्हणाली, की बाबा, मी वाईट मुलगी व्हायला लागलेय. म्हणजे काय, ते सांगेना.

ताई, पाया पडतो, या एकदा नियम मोड. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. पुढच्या महिन्यात रजा मिळाली की मी तिला घेऊन जाईन, पण तोवर निदान त्या दोघांच्या मधे कुणाला तरी बसव. मला भीती वाटते गं. रागावलेलो नाही, तूही रागावू नकोस.

धाकटा

२० सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

सौ. येऊन खारूला घेऊन गेली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. तिचा राग मला कळतो.

त्या मुलाचं दुसरं ऑपरेशनही फसलं. डावा डोळा गेला. खारूनं त्याच्याच हातातला कंपास हिसकावून मारला. एकदाच मारला रे, पण वर्मी बसला. वर्गावरच्या बाई सांगतात, ती ओरडली नाही, पळाली नाही, हाताची घडी घालून जागेवर बसून राहिली.

काल मंडळाची बैठक झाली. त्या मुलाची आई दाराशीच बसली होती, तिच्याकडे बघवेना. मला विचारलं, बाई, आधी काही कानावर आलं होतं का? धाकट्या, मी नाही म्हणाले. मुलगी पहिल्यापासून घुमी आहे, असंही म्हणाले. आलं होतं म्हटलं असतं तर नियम गेला असता, मी गेले असते आणि पाऊणशे वर्षांच्या शाळेला कुलूप लागलं असतं. एका पोरीपायी इतक्या पोरांची शाळा बुडवायची का? तूच सांग. अन्नाची शपथ, डोळ्याला डोळा लागत नाही माझा.

आणखी एक. मंडळ म्हणतंय, खारूला शाळेतून काढा. पण आजवर आपण कुणालाच काढलं नाही. तेव्हा मी मुलीचं नाव काढून घेतो, असा अर्ज तूच पाठव, म्हणजे आजोबांचा शब्द राहील. आपला म्हणून मागतेय. रागाव, बोल, पण तोडू नकोस.

ताई

२८ सप्टेंबर

ती. ताईस नमस्कार.

अर्ज सोबत आहे. वडिलांची नोकरी परगावी, असं कारण लिहिलंय.

तू विचारलंस म्हणून सांगतो. हो, बुडवायची होती. ती कुणी एक पोरगी नव्हती, तुझ्या घरात तुझ्या हातचं जेवत होती.

मंडळाला मी काही कळवणार नाही. कळवलं तर गावात बभ्रा होईल आणि तू काय बोललीस ते फिरून खारूच्या कानावर येईल. त्या मुलाच्या आईला खरं कळायला हवं होतं, ते पाप आता माझ्याही माथी.

खारू रोज विचारते, त्याला दुसऱ्या डोळ्यानं दिसतं ना? मला शिक्षा द्या म्हणते. ताट पुढं ठेवलं की सरकवून देते. परवा विचारलं, बैठकीत आत्या माझ्याबद्दल काय म्हणाली? मी सांगितलं, आत्यानं सगळं खरं सांगितलं, आणि स्वतःची चूक कबूल केली. त्यावर पोर इतकी रडली, इतकी रडली, आणि मग महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवली.

म्हणून इकडे येऊ नकोस, ताई. आलीस तर ती धावत येऊन तुझ्या गळ्यात पडेल.

लोभ मागत नाही.

धाकटा