किहीमच्या भिंतीवर न लागलेला सिंह

प्रिय बाबा,

काल दुपारी तो परत गेला. उरणच्या बंदरातून, ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यातून. हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. तू गेल्याला आठ महिने झाले.

किहीमचा बंगला तू सत्तावीस वर्षं सांभाळलास. शेट वर्षातून तीन-चारदा यायचे, एरवी तू आणि आई मागच्या खोलीत. मग शेट आफ्रिकेत जाऊन, रीतसर परवाना काढून, सिंह मारून आले. त्याचं पेंढा भरलेलं डोकं यायचं होतं. तू हॉलच्या भिंतीत मोठे खिळे ठोकून ठेवलेस. आणि महिन्याभरानं मला म्हणालास, "चारू, तो आलाय."

"कोण?"

"शेटचा सिंह. हॉलात असतो. डावा कान फाटलाय त्याचा. तहानलेला हाय गं."

किती हसले मी! डोकं अजून आफ्रिकेतच होतं. शेटच्याच शब्दावर मला उरणला, बंदरातला माल सोडवून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटकडे नोकरी लागलेली, आणि त्या डोक्याची फाईल माझ्याच टेबलावर होती. मला नाही कळणार तर कुणाला?

तू मात्र रोज त्या रिकाम्या भिंतीखाली पाण्याचं पातेलं ठेवू लागलास. आई सांगायची, संध्याकाळी पातेलं कोरडं असतं. मी म्हणायचे, मांजर पीत असेल. पण बाबा, दारं-खिडक्या तर तूच बंद करून घ्यायचास ना?

शेवटचं भेटलो तेव्हा तू माझा हात धरलास. "त्याला हितं टांगू देऊ नको. घरी जायचंय त्याला. तुझ्या कागदात काय तरी कर, अडव."

"कागद नियमात असतील तर मी कोण अडवणारी? आणि तुला भास होतात, डॉक्टरला दाखव."

असं का बोलले मी? तू हात सोडलास आणि नारळ सोलायला निघून गेलास. मला रागावला तरी असतास!

पुढच्या आठवड्यात आईला तू हॉलमध्ये सापडलास. भर दुपारी, भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसलेला. शेजारी पातेलं, कोरडं. फरशीवर तुझ्यासमोर ओलं होतं, कुणीतरी नुकतं पाणी पिऊन गेल्यासारखं. आईनं ते पुसलं आणि मगच माणसं बोलावली. हे तिनं मला फार उशिरा सांगितलं.

दरम्यान नियम बदलले. पूर्वी तिकडच्या देशाचा परवाना जोडला की बरंचसं भागायचं. आता इकडची मंजुरीही आधी हातात लागते, आणि शेटकडे ती नव्हती. डोकं तर जहाजावर चढलेलं. आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"चारू, माल नियम लागू व्हायच्या आधी निघाला असं दाखव. तारीख थोडी मागे घे. शेट आपलेच आहेत."

मी हो म्हणाले, बाबा. तुझ्यापासून काय लपवू? आई शेटच्याच खोलीत राहत होती.

मग तपासणीचा दिवस आला. गोदामात वनखात्याचे अधिकारी, कस्टमचे दोघं आणि मी. फाईल माझ्या हातात, आत नवी तारीख. खोक्याच्या फळ्या काढल्या, भुसा खाली सांडला.

डावा कान मधोमध फाटलेला होता.

फाईलमधल्या फोटोत त्याची उजवीच बाजू दिसते. शेटना मी नंतर फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, "फाटलाय? माझ्या लक्षात नाही आलं." मग तुला कुणी सांगितलं होतं? त्याचे डोळे काचेचेच होते, मला माहीत होतं. तरी मी जिकडे सरकले तिकडे ते माझ्याकडे बघत होते, आणि त्याच्या ओठांच्या कडा ओल्या होत्या. अधिकारी म्हणाले, दमट हवा आहे.

"मॅडम, कागद?"

मी मागे घेतलेल्या तारखेचा कागद काढून घेतला आणि खरा तेवढा दिला. "इकडची मंजुरी नाही, साहेब." एवढंच बोलले.

माल परत पाठवायचा आदेश निघाला. माझी नोकरी गेली. शेटनी आईला खोली सोडायला सांगितली. सामान बांधताना ती शेवटचा केर काढायला हॉलमध्ये गेली. बाहेर येऊन म्हणाली, "आता आत कोण न्हाय गं. ह्येबी न्हाईत." आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. आता ती माझ्याजवळ असते. करंजाला एका शाळेत मला हिशेबनिसाचं काम मिळतंय, चालेल आमचं.

काल जहाज सुटलं तेव्हा धक्क्याबाहेरच्या रस्त्यावर उभी राहून मी हात जोडले. तू त्याच्याबरोबर गेलास का रे? तो पोचेपर्यंत त्याला सोबत म्हणून? तसं असेल तर जा. सावकाश ये.

एक शब्द देते. वर्षश्राद्धाला तुझ्या पानाशेजारी आणखी एक पान मांडीन. भटजी विचारतील, हे कुणाचं? मी त्यांना सगळं सांगेन, आणि कुणी मला हसलं तरी पान उचलणार नाही.

तुझी,
चारू