शेजारच्या बेडवरून

यवतमाळ

प्रिय दादा,

आईच्या तेरवीनंतर तुझे फोन येत राहिले, मी एकही उचलला नाही. फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस. पत्र मात्र शेवटपर्यंत वाचशील.

पोराचाच दवाखाना म्हणून आई न्यूमोनिया घेऊन किती विश्वासाने तुझ्याकडे आली होती. पहिल्याच दिवशी तू तिला सगळ्यात जहाल अँटिबायोटिक लावलंस. तुझ्या आयसीयूत ते सरसकट सगळ्यांनाच लागतं. मी लॅबमधून तुला पुन्हापुन्हा सांगत होते, की त्याने पोटातले निरुपद्रवी जंतू आधी मरतात. जे तग धरतात त्यांना मोकळं रान मिळतं, ते माजतात आणि तग धरायची ती ताकद इतर जंतूंनाही देतात. शेजारच्या बेडवरच्या बाबारावांच्या पोटात तेच झालं होतं. त्यांना वेगळं ठेव म्हटलं, तर तू हसलास. "गुंजन, तू तुझ्या जंतू वाढवायच्या प्लेटा सांभाळ, पेशंट मी सांभाळतो."

दाखल होताना आईच्या शौचाच्या नमुन्यात तो जंतू नव्हता. बाबाराव वारले आणि तो तिच्या पोटात सापडला, मग रक्तात. तू शेवटचं राखीव औषध दिलंस, त्यालाही तो सरावला. प्लेटमध्ये औषधाच्या चकतीला अगदी खेटून वाढलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. आई म्हणत होती, "मले घरी घेऊन चाल वं." आणि तू नातेवाइकांना सांगितलंस, जंतू तिने घरूनच आणला. बाबा तेव्हापासून स्वयंपाकघर रोज फिनाईलने पुसतात.

तरी मी गप्प होते. तुला कळलं नसेल, अशी समजूत घालत होते. पण परवा दिपालीवहिनी सहज बोलून गेली. आई तुझ्या आयसीयूत असतानाच तिच्या वडिलांना धाप लागली, तेव्हा तू त्यांना स्वतःच्या दवाखान्यासमोरून थेट नागपूरला नेलंस. काहून, असं तिने विचारलं तर म्हणालास, "माझ्या आयसीयूत नको."

म्हणजे तुला ठाऊक होतं. काल मी बाबांना सगळं सांगितलं, आणि तक्रारीवर त्यांनीच सही केली. सोमवारी चौकशी समितीसमोर मी आईचे आणि बाबारावांचे जंतू ठेवणार आहे, एकाच वंशाचे. बाबा समोर बसलेले असतील. माफी मागायला येऊ नकोस, मी दार उघडणार नाही. तुला सावध करावं म्हणूनही हे लिहिलेलं नाही. सोमवारपर्यंत तुझ्या डोळ्याला डोळा लागू नये, एवढ्यासाठीच लिहिलं.

तुझीच सख्खी,
गुंजन