शिंगं पूर्ण दिसेपर्यंत

अल सद्द, दोहा
शनिवार, २३ ऑगस्ट

प्रिय शौनक,

तुला यंदाही शिकारीचा परवाना मिळाला, सप्टेंबरच्या अखेरीस पुन्हा त्याच दलदलीपाशी तंबू लागणार, आणि या वेळी ईरा तुझ्याबरोबर येणार. एवढी मोठी बातमी तू कळवलीस आणि मी उत्तरादाखल नुसता एक अंगठा पाठवला. त्यावरून तुझी आई दोन दिवस माझ्यावर धुसफुसते आहे. तिला वाटतं, मला लेकीचं जाणं पसंत नाही. तसं नाही. मला जे सांगायचं आहे ते फोनवर सांगता येत नाही. व्हिडिओवर तुझा चेहरा समोर आला की माझी जीभ जड होते, मग मी तिकडच्या थंडीची चौकशी करतो आणि फोन आईकडे देतो. म्हणून आज कागद घेतला. आई गणपतीच्या तयारीच्या बैठकीला मदिनत खलीफाला गेली आहे. ईराला मी तासाभरापूर्वी नेमबाजीच्या रेंजवर सोडून आलो. चार वाजता तिला आणायचं आहे, तोवर हे लिहून संपवायचं आहे.

ती दर शनिवारी तिथे जाते, हे तुला माहीत आहे. पहिले दोन शनिवार मी बाहेर गाडीत थांबलो होतो. काचा बंद, एसी चालू, तरी आतून एकेक बार ऐकू यायचा. तिसऱ्या शनिवारी मी दार उघडून त्या रणरणत्या उन्हात उभा राहिलो. ती हसत बाहेर आली, माझ्याकडे पाहून म्हणाली, "रिलॅक्स बाबा, इट्स जस्ट पेपर." तेव्हापासून मी तिला सोडून घरी येतो.

तू गेल्या वर्षीची जी गोष्ट सगळ्यांना सांगतोस, तिच्यामुळेच ईराला यायचं आहे. दिवाळीच्या फराळाला तू फोनवरून ती सगळ्यांना ऐकवलीस. बाबांसमोर तो अवाढव्य मूस, सांबराच्या जातीचं ते जनावर, उभा होता, सत्तर पावलांवर, आणि बाबांनी रायफल खाली ठेवली, त्यांच्याने मारवलंच नाही. फराळाला जमलेली माणसं माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागली. नाशिकहून काकूचा फोन आला, की भाऊजी, तुम्ही खरे देवमाणूस. मी हसून विषय बदलला. शौनक, ती गोष्ट खरी नाही. तू खोटं बोललास असं नाही. तू पाहिलंस तेच सांगितलंस. जे तू पाहिलं नाहीस ते मी अकरा महिने सांगितलं नाही.

पहिल्या दिवसापासून मी घाबरलेलो होतो, इथून सुरुवात करतो. पंचवीस वर्षं कतारमध्ये काढल्यावर डोळ्यांना एक सवय लागते. इथे वाळवंटात चार किलोमीटरवर गाडी असली तरी धूळ दिसते. कॅनडातल्या तुझ्या फोर्ट सेंट जॉनपासून चार तास उत्तरेला गेलो, तर दहा पावलांपलीकडचं दिसेना. सूचिपर्णी झाडं, त्यांच्या खाली विलोची दाट झुडपं, पायाखाली चुबुक चुबुक करणारी ओली जमीन. तू आनंदात होतास. खुरांचे ठसे दाखवत होतास, माझ्या अख्ख्या पंज्याएवढे. शिंगं घासून साल सोललेली झाडं दाखवलीस, ती सोललेली जागा माझ्या डोक्याच्याही वर होती. चिखलात त्याने लोळण्यासाठी उकरलेला खड्डा दाखवलास, त्यातून उग्र वास येत होता. तू वाकून म्हणालास, "आजचाच आहे बाबा, तो जवळच आहे." तू हे खुशीने सांगितलंस. मी मात्र मागे वळून पाहिलं, आणि मग तीन दिवस सारखा मागेच वळून पाहत होतो.

पण तुला ते दिसू द्यायचं नव्हतं. सहा वर्षांनी तू मला बोलावलं होतंस. मुलगा म्हणून तू बरोबर असल्यामुळे मला कागदपत्रं करता आली, गावाबाहेरच्या मैदानावर तू माझ्याकडून सराव करून घेतलास, कॉलेजातल्या एनसीसीची रायफल मला आठवत होती, तुला त्याचं कोण कौतुक. रोज टेकडीवर बसून आपण दुर्बिणीतून दलदल न्याहाळायचो. तू शिकवत होतास, कोवळा नर कसा ओळखायचा, पुरता वाढलेला कसा. वाढलेल्याची शिंगं फावड्यासारखी पसरट, आणि मान वळवली की ती उन्हात पांढरी चमकतात. आणि नियम तू दहा वेळा बजावलास. पुढचे फाटे मोजता येतील इतकी शिंगं पूर्ण दिसेपर्यंत बोट चापाकडे न्यायचं नाही. मी हसून म्हणालो होतो, अरे, मी सेफ्टी शिकवून पोट भरतो, मला काय सांगतोस.

तिसऱ्या संध्याकाळी तो दिसला. दलदलीच्या पलीकडे, घोड्याहून उंच, गळ्याखाली लोंबती झोळी. तो एका झाडाला शिंगांनी झोडपत होता. एवढ्या लांबून आवाज उशिरा पोचत होता. आधी झाड हलायचं आणि मग कडकड ऐकू यायची. तू कानाशी म्हणालास, माजावर आलेला आहे, उद्या आवाज दिला तर थेट चालून येईल. त्या रात्री माझा डोळा लागला नाही. चालून येईल, एवढेच शब्द मी धरून बसलो.

चौथ्या सकाळी धुकं होतं. तू मला आडव्या पडलेल्या झाडामागे बसवलंस, समोर मोकळं कुरण. रायफल एकच, माझ्या हातात. शिकार मीच करावी ही तुझी हौस. तू माझ्या मागे डावीकडे साठ पावलांवर झुडपात बसलास. आधी मादीचा तो लांब, रडवा हंबर दिलास. मग जनावराच्या खांद्याचं ते वाळकं, पांढरं हाड फांद्यांवर घासू लागलास, म्हणजे त्याला वाटावं दुसरा नर आलाय. अर्धा तास तसाच गेला. माझी बोटं बधिर झाली होती. आणि मग तुझा आवाज थांबला.

मला वाटलं, तू ऐकतोयस. तू मात्र तेव्हा जागा बदलत होतास. नंतर तू सांगितलंस, की नराचं उत्तर उजवीकडून आलं म्हणून तू माझ्या मागून वळसा घालून उजवीकडे गेलास. मला ते उत्तर ऐकू आलंच नव्हतं. मला एवढंच कळलं, की माझ्या उजव्या हाताला, चाळीस पावलांवर, जिथे कोणी नसायला हवं तिथे, फांद्या कडकडल्या. घशातून काढलेला तुटक हुंकार आला. झुडूप हललं. धुक्यात काहीतरी तपकिरी होतं, आणि त्याच्यावर काहीतरी पांढरं, पसरट, मागे-पुढे हलणारं. मला ते शिंग वाटलं. ते तुझ्या हातातलं हाड होतं. तपकिरी दिसलं ते तुझं जाकीट. केशरी टोपी फांद्यांत अडकते म्हणून तू काढून खिशात घातली होतीस.

मी रायफल वळवली. फाटे मोजले नाहीत. शिंग पूर्ण दिसलंच नव्हतं, दिसण्याची वाटही पाहिली नाही. मला शिकार नको होती, शौनक. तो माझ्या अंगावर येण्याआधी हे सगळं संपावं, एवढंच मला हवं होतं. रायफलवरच्या दुर्बिणीतल्या काट्यांची फुली त्या तपकिरी रंगाच्या मधोमध होती.

तेवढ्यात कुरणाच्या टोकाकडून खरा हुंकार आला, आणि तू उभा राहून तिकडे वळलास. फुलीत मला तुझा कान दिसला. आईसारखा, पाळी किंचित दुमडलेला. मी रायफल खाली घेतली. तू रांगत माझ्याजवळ आलास, माझा खांदा दाबलास आणि समोर बोट दाखवलंस. तो कुरणात आला होता. धुक्यातून एकेक पाय उचलत, शिंगांवर दोन माणसं झोपतील एवढा पसारा. तुझा श्वास फुलला होता. "बाबा, फाटे दिसतायत. घ्या." मी घेतली नाही. मला ती उचलताच येत नव्हती. मी ती गवतावर ठेवली आणि तोंड हातांनी झाकून घेतलं. तो निघून गेला. मग तू म्हणालास, "ठीक आहे बाबा. मला कळतंय." तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. तुला वाटलं, माझ्या मनात दया दाटून आली. मी तुला तसं वाटू दिलं.

गेल्या आठवड्यात प्लांटवर एक प्रकार झाला. रहमान म्हणून रत्नागिरीचा फोरमन आहे, परांचीवरच्या कामांवर देखरेख करतो. त्याच्या हातून एक जड पाना निसटला आणि खाली काम करणाऱ्या माणसाच्या शेजारी हातभर अंतरावर पडला. त्या माणसाला वाटलं, वरून खडा पडला. कोणी पाहिलं नव्हतं. तरी रहमान स्वतः माझ्या ऑफिसात आला, घामाने चिंब, आणि म्हणाला, "साहेब, लिवा. आज वाचला तो. मी बोललो नाय, तर उद्या दुसऱ्या कोणाच्या हातून सुटंल." थोडक्यात टळलेल्या अपघाताचा फॉर्म असतो आमच्याकडे, तो मी भरला. असे फॉर्म भरायला मीच बावीस वर्षं लोकांना शिकवतोय. खाली सही करायची होती आणि माझ्याने होईना. रहमानने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, साहेबांची साखर उतरली.

मी अजून सगळं लिहिलेलं नाही, हे लिहितानाच मला समजतंय. वर म्हटलं, की तुझा कान दिसला आणि मी रायफल खाली घेतली. त्याच्या आधी एक गोष्ट घडली होती. मी चाप ओढला होता. पूर्ण ओढला. काहीच झालं नाही, कारण घाबरल्यामुळे सेफ्टीचा खटका काढायचा मी विसरलो होतो. ते माझ्या लक्षात आलं आणि माझा अंगठा खटक्यावर गेला. खटका पुढे ढकलायला जेवढा वेळ लागला असता, तेवढ्यात मूस ओरडला आणि तू उभा राहिलास. माझ्या शहाणपणाने तू वाचलेला नाहीस. माझ्या विसराळूपणाने वाचलास. रोज सकाळी दाढी करताना माझं त्या अंगठ्याकडे लक्ष जातं.

आता महिन्याभरात ईरा त्या जागी बसेल, हातात रायफल घेऊन, आणि तू तिच्या मागे कुठेतरी झुडपात हाड घासत असशील. ती माझ्याहून धीट आहे, तिचा नेम चांगला आहे, असं तू म्हणशील. भीती नेम बघत नाही, आणि कागदावरच्या गोलांची ती वाटतही नाही. तिला नेऊ नकोस असं सांगणार होतो, पण माझी भीती मी तिच्या पायात बांधू नये. म्हणून एवढंच मागतो. तिच्याजवळ बस, तिचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ. टोपी काढू नकोस. आवाज द्यायला दुसरं कोणी मिळालं नाही, तर या वर्षी मूस नाही आला असं समज. हे पत्र आजच कुरिअरने निघेल, ती विमानात बसण्याआधी तुझ्या हातात पडेल. तिला मी तासाभराने गाडीत सांगणार आहे. ती इंग्रजीत विचारेल, की इतके दिवस दादाला का नाही सांगितलंत. मी तिला खरं तेच सांगेन. इतर लोक मला दयाळू म्हणत होते, ते मला खुपत होतं. पण तू म्हणत होतास, आणि ते मला ऐकत राहायचं होतं.

तुझाच,
बाबा