मोहरीचा भंडारा

१२ एप्रिल

सुटले एकदाची दवाखान्याच्या पाळ्यांमधून. अंबाजोगाईत वॉर्डात उभं राहून राहून पायात गोळे यायचे. आता एकच पेशंट, जेवण घरचं, खोलीला कूलर. युसूफ वडगावच्या पुढं फाट्यावर उतरले तर गाडी उभीच होती. रविराजदादा स्वतः आले होते. जिल्ह्याच्या राजकारणात त्यांचं मोठं नाव, पण माझी बॅग त्यांनीच उचलली.

बंगला शेतात आहे. नवा, अजून रंगाचा वास येतो. मागं ऊस, पुढं फरशीचं अंगण आणि अंगणाच्या टोकाला अर्धवट बांधलेला चबुतरा. १ मे रोजी तिथं दादांच्या आजोबांचा पुतळा बसणार आहे. आतापासूनच मंडपवाले येऊन मापं घेताहेत.

पेशंट म्हणजे दादांचे वडील, विठ्ठलराव. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दादा साखर कारखान्याच्या अभ्यासदौऱ्यावरून, युरोपातून परत आले, सगळे हॉलमध्ये जमून सामान बघत होते, आणि अण्णा बसल्या जागी कोसळले. पण अंगात अजून ताकद आहे. नेमानं व्यायाम झाला तर हात हलेल असं मला वाटतं.

छबुबाईंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीनं, आल्या आल्या पाटावर बसवलं. ज्वारीची भाकरी, कैरीचा तक्कू, वर लोण्याचा गोळा. म्हणाल्या, "लाजू नको पोरी, आपलंच घर हाय." खरंच तसं वाटलं.

१४ एप्रिल

आज दादांनी हॉलमधला मोठा फोटो दाखवला. त्यांचे आजोबा सुंदरराव इंग्रजांच्या पलटणीत होते. आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मनांच्या हाती सापडले. कैदेतल्या ज्या हिंदी शिपायांना इंग्रजांशी लढायचं होतं त्यांची जर्मनीत वेगळी फौज केली, तीत ते गेले. वर्दी जर्मन, बाहीवर वाघ.

मला वाटलं दादा लढाया सांगतील, पण ते सांगत बसले त्यांच्या देवाधर्माचं. हिंदू, मुसलमान, शीख, सगळ्यांचं जेवण एकाच कढईत. कुणाची नमाज, कुणाचा ग्रंथसाहेब, कुणाची आरती, एकाच बराकीत आलटून पालटून. जर्मन अधिकारी कॅमेरे घेऊन ते बघायला यायचे. शपथ घ्यायची वेळ आली तेव्हा जर्मन अधिकाऱ्यानं तलवार धरायची आणि चार-सहा जणांनी मिळून तिच्या पात्यावर हात ठेवायचा. गावातला एक धनगर, म्हाळू, सुंदररावांच्या बरोबर होता. तो हात ठेवीना. म्हणाला, आमची शपथ खंडोबाची, दुसऱ्या कुणाची चालत नाही.

मग चंपाषष्ठीला बर्फात दोघांनी खंडोबा मांडला. तलवार भिंतीला टेकवली. हळद कुठून आणणार? स्वयंपाकघरातून मोहरीची पिवळी पूड आणली, तोच भंडारा. बेल नव्हता, कुठल्याशा झाडाचं पान घेतलं. तळहातावर पान आणि पूड घेऊन दोघांनी एकमेकांना वचन दिलं की जो मरेल त्याला दुसऱ्यानं अग्नी द्यायचा आणि त्याचं घर सांभाळायचं. तेव्हा कुठं म्हाळूनं तलवारीवर हात ठेवला. फोटो त्याच दिवसाचा आहे. दोघांची कपाळं माखलेली.

म्हाळूचं पुढं काय झालं, मी विचारलं. दादा हसले. तिकडंच गोरी करून राहिला म्हणे.

फ्रान्समधल्या ज्या खेड्यात आजोबा शेवटचे लढले तिथं दादा मुद्दाम गेले होते. अण्णांच्या तोंडून लहानपणी नाव ऐकलं होतं, चर्चमागची चर. तिथली माती तांब्याच्या लोट्यात भरून आणलीय. देवघरात ठेवलीय. पुतळ्याखाली घालणार.

१८ एप्रिल

कुंपणाबाहेर मेंढरं उभी आहेत. चरत नाहीत. भर दुपारी, सावली सोडून, सगळी तोंडं बंगल्याकडं. त्यांच्यामागं एक म्हातारी, भामाबाई. वाकलेली, पण आवाज खणखणीत. मला म्हणाली, "फिरंनात बघा. कालपून हाकलायलेय. काय आणलंय तुमच्या घरात?"

मी म्हटलं, मी नवीन आहे. मग तिनं आपली ओळख सांगितली. म्हाळूची मुलगी. बाप पलटणीत गेला तेव्हा पाळण्यात होती. युद्ध संपल्यावर सुंदरराव परतले आणि गावात सांगितलं की म्हाळूनं धर्म सोडला, बाई ठेवली. धनगरवाड्यानं हिच्या आईला वाळीत टाकलं. त्यांचा माळाचा तुकडा सुंदररावांनी 'सांभाळायला' घेतला तो परत दिलाच नाही. हा बंगला त्याच माळावर उभा आहे.

"आय मरस्तवर कुंकू लावायची," ती म्हणाली. "म्हणायची, त्यो तसला न्हाई."

आत येऊन देवघरात गेले. बाहेर उन्हानं डांबर पाघळतंय, आणि लोट्यावर बाहेरून दव जमलेलं. छबुबाई समई लावत होत्या. लागत नव्हती. तेल बदललं, वात बदलली. काडी वातीशी नेली की विझायची. पंखा बंद होता.

२१ एप्रिल

घडलं तसं नीट लिहिते.

दुपारी अण्णांना दहीभात भरवत होते. घर निजलेलं. एकदम मोहरीचा झणझणीत वास आला, डोळ्यांत पाणी यावं इतका. बघते तर अण्णांच्या कपाळावर पिवळा पट्टा. मी पुसायला गेले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. उजव्या हातानं. जो हात टाचणी टोचली तरी हलत नाही त्या हातानं.

आणि बोलले. आवाज तरण्या माणसाचा.

"विस्तू दे."

मी विचारलं, कोण विस्तव मागतंय.

"म्हाळू. गार लागायलंय बाई. लई गार. सुंद्यानं बोट दाखवलं."

मग थांबत थांबत सांगितलं. फौज फ्रान्समधून मागं हटत होती. सुंदररावांनी एका शेतघरातल्या पोरीवर हात टाकला. म्हाळू आडवा आला, पण पोरगी वाचली नाही. दुसऱ्या दिवशी बंदूकवाल्या गावकऱ्यांनी दोघांना धरलं आणि विचारलं, कुणी केलं. सुंदररावांनी म्हाळूकडं बोट केलं. चर्चमागच्या चरीत त्याला उभं करून गोळी घातली. तो लगेच मेला नाही. सुंदरराव वर उभे होते. त्यांनाच फावडं दिलं, आणि त्यांनी माती लोटली.

"म्या बगत व्हतो," आवाज म्हणाला. "डोळ्यात माती पडस्तवर बगत व्हतो."

हात सुटला. अण्णा परत मुके. माझ्या मनगटावर बोटांचे वळ आहेत, पांढरे, बर्फानं पोळावं तसे.

२२ एप्रिल

छबुबाईंना विचारलं. त्या भाजी चिरत होत्या. विळी थांबली नाही. म्हणाल्या, सासऱ्यांनी मरताना मुलाला सगळं सांगितलं, दाराआडून मीही ऐकलं. रविराजला कुणीच सांगितलं नाही. आजोबा शूर म्हणून वाढला तो. लोटा उघडून त्यानं त्या फ्रान्समधल्या खेड्याचं नाव घेतलं आणि अण्णा पडले.

संध्याकाळी दादांना मी आणि छबुबाईंनी मिळून सांगितलं. माती भामाबाईला द्या, तिच्या हातानं म्हाळूला अग्नी मिळू दे, मग संपेल.  दादांना धक्का बसला होता, ते दिसत होतं. पण मग म्हणाले, पत्रिका वाटून झाल्या, मंत्री येणार, आता मी गावाला काय सांगू, की आजा असला होता? आईला म्हणाले, "मेलेल्या मानसासाठी जित्यांची इज्जत घालवायची व्हय?"

लगेच गवंड्याला बोलावून लोटा चबुतऱ्यात चिणला.

२५ एप्रिल

अण्णा सकाळी गेले. शेवटी अंग इतकं गार की माझीच बोटं बधिर झाली. डोळे उघडे. मिटायला गेले तर पापण्यांखाली माती होती. काळी, ओलसर. आपल्याकडची नव्हे.

२६ एप्रिल

काल पुढचं लिहिणं झालं नाही. हे लिहू नये असं सांगितलंय, पण वहीला तरी सांगते.

शेतातच चिता रचली. वाळलेली बाभूळ, कडबा, तूप. दादांनी अग्नी दिला. कडबा धुमसला, धूर निघाला, लोकांना वाटलं पेटलं. ऊन असह्य होतं. पुढारी तोंड दाखवून गेले, गावकरीही पांगले. धूर विरला तेव्हा आम्ही घरचेच उरलो होतो. लाकूड तसंच. काळंसुद्धा पडलं नव्हतं.

रॉकेल ओतलं. डिझेल ओतलं. पेटता बोळा फेकला की हवेतच विझायचा. पांढऱ्या कपड्यात अण्णा जसेच्या तसे, आणि कपाळावर पिवळा पट्टा. दादा काड्यांमागून काड्या ओढत होते, रडत होते, शिव्या देत होते. त्यांची बायको उज्ज्वला पोरांना घेऊन तिथूनच माहेरी गेली.

शेवटी उसाच्या बांधाला खड्डा घेतला. अण्णांना पुरलं. दादांनी स्वतः माती लोटली.

मग त्यांनी देवघरातून बेल-भंडार आणला आणि माझ्या, छबुबाईंच्या, गड्यांच्या तळहातावर ठेवला. उचला, शपथ घ्या, म्हणाले. अण्णा जळाले असंच सांगायचं. छबुबाईंकडं बघवत नव्हतं. मी उचलला. काय करायला हवं होतं?

२७ एप्रिल

भामाबाई कुंपणाशी होती. मेंढरं तशीच उभी.

तिनं विचारलं, "जळला का विठ्ठल?"

मी म्हटलं, जळले.

तिनं पुन्हा विचारलं. नीट बघून सांग, म्हणाली. तुला दोष न्हाई, खरं काय ते बोल.

मी म्हटलं, जळले. राख झाली.

ती माझ्या हाताकडं बघत राहिली. "मग हात पिवळा कावून?"

२९ एप्रिल

हळद जात नाही. साबण, लिंबू, स्पिरिट, सगळं झालं. हळद नाहीच ती. वास मोहरीचा आहे.

तळहातापासून गार चढतंय. कोपरापर्यंत आलंय. भर उन्हात दोन गोधड्या घेऊन बसलेय. घरातला गॅस पेटत नाही. शेजारच्या वस्तीवरून जेवण येतं ते उंबऱ्याच्या आत आलं की थिजतं. छबुबाई जेवत नाहीत. बोलत नाहीत.

१ मे

झालं. सुतकातच पुतळा उघडला. मंडप भरलेला, मंत्री घाम पुसताहेत. दादा माईकपाशी उभे राहिले, आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघाली. थंडीत निघते तशी, पांढरी. लोक हसले, त्यांना काही कळलं नाही.

दादा म्हणाले, माझे आजोबा —

मग आवाज बदलला. माईकवर, साऱ्या गावासमोर — "सुंद्यानं बोट दाखवलं." तीनदा. उजवा हात वर झाला, बोट पुतळ्याकडं. मग ते बोट वळत वळत स्वतःच्या छातीवर आलं. दादा ते दुसऱ्या हातानं अडवत होते. घट्ट धरून अडवत होते.

पडले. मी धावले. नाडी नव्हती. तोंड मातीनं भरलेलं.

२ मे

दादाही जळले नाहीत. या वेळी सगळं गाव बघत होतं. कुणी थांबलं नाही. अण्णांच्या शेजारी —

छबुबाई खड्ड्याशी बसून आहेत. उठत नाहीत.

३ मे

सकाळी पळाले. अंबाजोगाई. माझी जुनी खोली. गॅस — नाही. मेणबत्ती — नाही. शेजारणीच्या हातात काडी पेटते, माझ्या अंगाशी आली की विझते. वॉर्डातल्या मैत्रिणीनं थर्मामीटर लावला, बघितला, झटकला, परत लावला. तू बोलतेयस कशी, म्हणाली.

झोप लागली की चर. वर आभाळाचा तुकडा. वर उभा असलेला माणूस. त्याचं फावडं.

परत जाते. खरं सांगते. तोच एक उपाय —

४ मे

भामाबाईच्या अंगणात आहे. दुपार. बोटं वळत नाहीत, अक्षर कसंही येतंय.

चबुतरा आपोआप तडकला होता. लोटा काढून आणला. तिच्यापुढं ठेवला. सगळं सांगितलं. बोट, चर, फावडं. अण्णा जळले नाहीत. मी खोटं बोलले.

तिनं लोटा पोटाशी धरला. बराच वेळ. बापाला हाक मारली, अप्पा. एवढंच.

पाया पडले. म्हटलं, आता अग्नी द्या. तुम्ही दिला की सुटतील. मीही सुटेन.

ती उठली. चूल पेटवली. तिच्या हातानं लगेच पेटली. लोटा चुलीशेजारी ठेवला. आत नाही. शेजारी.

"ऊब घेऊ दे त्येला," म्हणाली. "विस्तू मागनं देते. घाई न्हाई. आमी ऐंशी वर्सं थांबलो."

म्हटलं, मी त्यांच्या घरची नाही. नोकरीला आले होते.

"तुला म्या दोनदा इचारलं व्हतं, बाई." रागानं नाही. भाकरी थापत होती. "सुंद्याला तर तिकडं येकदाच इचारलं व्हतं."

मेंढरं आता माझ्याभोवती उभी आहेत. सगळी तोंडं —

ती बघत नाही माझ्याकडं. भाकरी फुगलीय. जाळ चांगला आहे, पिवळा, मोठा. मी अगदी जवळ सरकलेय. ऊब लागत नाही. डोळ्यांत काहीतरी खुपतंय, बारीक, ओलं

हात चुलीत घातलाय. डावा. जाळात आहे. दिसतोय. काहीच —