हेझलची नाताळकार्डं

फेदर्ड, टिपरेरी
मार्चचा तिसरा रविवार

प्रिय बाबा,

फोन केला की तू "बरी आहेस ना? थांब, आईला देतो" एवढंच म्हणतोस, म्हणून हे पत्र. ते तू आईकडे देशीलच, पण पाकिटावर तुझं नाव आहे, तेव्हा आधी तुलाच वाचावं लागेल.

पुढच्या रविवारी इथल्या मैदानावर घोड्यांच्या शर्यती आहेत आणि त्या दिवशी घोड्यांची मुख्य डॉक्टर मी असणार आहे. तू यावंस अशी माझी फार इच्छा आहे. याआधी तीनदा बोलावलं. पहिल्यांदा तुझी पाठ धरली होती. दुसऱ्यांदा फार्मवरची एक घोडी विणार होती. तिसऱ्यांदा गाडीचा वायपर चालत नव्हता, आणि त्या दिवशी साऱ्या आयर्लंडमध्ये लखलखीत ऊन पडलं होतं. सतरा वर्षं तू शर्यतीच्या मैदानात पाऊल टाकलेलं नाहीस. त्याचं कारण मला ठाऊक आहे असं मला वाटतं. म्हणून एवढंच मागते, की हे शेवटपर्यंत वाच आणि मग हो किंवा नाही म्हण.

आधी चांगल्या बातम्या. माझी नोकरी कायम झाली. आमच्या दवाखान्याच्या मुख्य हॅनराहन बाईंनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "पोरी, हात तुझ्या बापाचे घेतलेस. तोंड कुणाचं घेतलंस देव जाणे, ते जरा कमी चालव." मी राहते त्या घराचं दार मी पिवळं रंगवलं. शेजारचे आजोबा म्हणतात, आता त्यांना पबमधून परतताना रस्ता चुकत नाही. आणि तो तांबडा घोडा आठवतो, ज्याच्या नळीच्या हाडाला सरळ चीर गेली होती? आम्ही तीन स्क्रू घातले, चार महिने बांधून ठेवला, आणि परवा तो कुरणात सोडल्यावर असा उधळला की त्याच्या मालकिणीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी कुंपणाला टेकून हसत उभी होते. बाबा, मी इथे सुखात आहे. हे तुला कधी नीट सांगितलंच नव्हतं.

कधीकधी मला पदवीचा दिवस आठवतो. तू दोन दिवस आधीपासून बुटांना पॉलिश करत होतास, आणि कॉलेजच्या फाटकावरच्या माणसाने काही विचारायच्या आतच त्याला सांगितलंस, "ग्रान्याचा बाप मी." आपल्या घरात त्याआधी कुणी पदवी घेतली नव्हती. तुला वाटलं असेल, त्या वेळी मी माझ्या यशाचा विचार करत होते. मी हेझलचा विचार करत होते.

मी नऊ वर्षांची होते. हेझल घोडी सहा वर्षांची होती, आणि तिची मोतद्दारी तुझ्याकडे होती. किल्डेअरच्या त्या माळावर सकाळच्या सरावात तिचा उजवा पुढचा पाय खुराच्या जरा वर मोडला, आणि म्हातारे कॉन्सिडाइन डॉक्टर पेटी उघडून बसले. मी शाळेच्या गणवेशातच धावत आले आणि तुझा कोट धरून ओरडले, की तू तिला मारू दिलंस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. तू मालकाकडे गेलास. काय बोललास ते मला आजही माहीत नाही, पण परतलास तो तिला वाचवायची परवानगी घेऊनच. पोटाखालून रुंद पट्टे घालून तिला छताला अर्धवट टांगलं, पायाला प्लास्टर घातलं, आणि तू तिच्या शेजारी पेंढ्यावर बिछाना टाकलास. अडतीस दिवस. कॉन्सिडाइन डॉक्टर एकदा दारात उभे राहून तुला म्हणाले, "मॅलाकी, मोडलेल्या पायाची भीती नाही वाटत मला. भीती वाटते ती धडधाकट पायांची." मी पेंढ्यात बसून गाजरं मोडत होते. मला वाटलं, म्हातारबुवांचं डोकं फिरलंय.

ईस्टरला तू मला आठ दिवस फिलो आत्याकडे पाठवलंस. परत आले तर तबेला धुतलेला, पेंढा नवा. तू म्हणालास, हेझल बरी झाली आणि कॉनेमाराला गेली. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात उभं राहिलं की पाय भरून येतात, म्हणून आता ती कायम तिथेच राहणार. आणि त्या नाताळला तिचं पहिलं कार्ड आलं. खाली सहीऐवजी काळ्या शाईत नालेचा ठसा. "शेपटीत मीठ अडकतं. सीगल पक्षी फार आगाऊ आहेत. गाजरं खात जा, नाहीतर मी येऊन खाईन." आई म्हणाली, "घोडीचं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे हं, ग्रान्या." आणि तू भांडी विसळत राहिलास, पाठमोरा.

त्याच वर्षी मी ठरवलं की घोड्यांची डॉक्टर व्हायचं. अशी डॉक्टर, की जिच्या हातून एकही मोडलेला पाय वाया जाणार नाही. कॉलेजच्या मुलाखतीतसुद्धा मी हेच म्हणाले. समोरचे प्राध्यापक हसले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. ते का हसले नाहीत ते मला गेल्या शनिवारी कळलं.

शनिवारी इथून जवळच एका शेतकऱ्याच्या रानात शर्यती होत्या. तुला ठाऊक असलेलं तेच सगळं. चिखल, हॅमचे सँडविच, गाडीच्या डिकीवर मांडलेला चहा. हॅनराहन बाई दुसऱ्या मैदानावर होत्या, इथे मी एकटी. तिसऱ्या शर्यतीत कॉर्पोरल नावाचा एक करडा घोडा शेवटून दुसऱ्या कुंपणावरून उडी घेऊन उतरला, आणि हाड मोडल्याचा आवाज मी जीपमधूनही ऐकला. पडला नाही. बिचारा तीन पायांवर तसाच पुढे पळत राहिला. घोड्याला थांबायचं कळत नाही, कळप पुढे चाललेला असतो ना. मी पोचेपर्यंत हाडाचा चुरा झाला होता आणि कातडी फाटून चिखल आत गेला होता. जॉकी सुखरूप होता, लगाम धरून रडत होता. लोकांनी हिरवे पडदे आणून भोवती धरले. आणि त्या पडद्याखालून वाकून त्याची मोतद्दार आत आली. बर्नी. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, सहा वर्षं त्याला रोज खरारा करणारी. घोड्याचे म्हातारे मालक तिच्या मागे होते, टोपी हातात घेऊन.

ती म्हणाली, "डॉक्टर, टांगून बघा ना त्याला. मी झोपेन त्याच्याजवळ. सहा महिने झोपेन. मला घरी कोण आहे वाट बघायला?"

बाबा, तू हेझलसाठी जे केलंस तेच ती मागत होती. आणि मला इतकं हो म्हणावंसं वाटलं, की मी तोंड मिटून घेतलं. मग मी चिखलात गुडघे टेकले आणि तिला खरं सांगितलं. म्हटलं, बर्नी, आपला पाय मोडला तर आपण महिनाभर पलंगावर पडतो. याला पडता येत नाही. पाचशे किलोचं धूड, दिवसेंदिवस आडवं राहिलं तर स्वतःच्याच वजनाखाली फुप्फुसं दबतात, मांस मरतं. उभं राहायचं तर हे सगळं वजन उरलेल्या तीन पायांवर. घोड्याचा पाय गुडघ्याखाली नुसतं हाड, दोर आणि कातडी आहे. तिथे मांस नाही, रक्त कमी, म्हणून हाड सांधायलाही वेळ लागतो. सरळ चीर असती तर मी स्क्रू घातले असते, मी घालते. इथे सांधायला तुकडेच उरले नाहीत. आणि सांधले जरी असते, तरी दुसरा पाय? खुराच्या आतलं हाड भिंतीला पातळ पातळ पापुद्र्यांनी टांगलेलं असतं. घोडा चालला, पाय उचलला, ठेवला, की त्या पापुद्र्यांना रक्त मिळतं. महिनाभर एकाच पायावर भार राहिला की ते मरतात, आणि हाड खुरातून खाली खचतं. मोडलेला पाय भरत येतो आणि धडधाकट पाय जातो.

तिने कॉर्पोरलच्या मानेवरचा चिखल पुसला. मग म्हणाली, "हे पुस्तकात वाचलंयस का बघितलंयस?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांच्या घोडीचं झालं. अडतीस दिवसांनी."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. मग मालकच म्हणाले, "जाऊ दे बर्नी, आणखी त्रास नको त्याला." बर्नीने नाक पुसलं, कॉर्पोरलचं डोकं छातीशी धरलं आणि त्याच्या कानात म्हणाली, "जा रे गुंड्या. आजपासून तुला कुणी पहाटे उठवणार नाही." मी त्याच्या मानेत सुई टोचली. सगळं फार लवकर झालं. तो तिच्या हातावर डोकं टाकून गेला, काही कळायच्या आत. ती लगाम घेऊन गाडीपर्यंत चालत गेली आणि वाटेत सगळ्यांनी टोप्या काढल्या.

तासाभराने तीच माझ्यासाठी चहा घेऊन आली. दोन चमचे साखर घातलेला, न विचारता. "पी," म्हणाली. "पहिलाच ना एकटीने केलेला? कळलं मला." मी तिला सतरा वर्षांपूर्वीची हेझलची सगळी गोष्ट सांगितली. "आणि तुझ्या वडिलांना ठाऊक आहे का, की तुला ठाऊक आहे?" मी नकारार्थी मान हलवली. "मग सतरा वर्षं तो माणूस एकटाच उभा आहे की गं," ती म्हणाली.

तर आता सांगते. मला ठाऊक आहे, बाबा. चौदा वर्षांची असल्यापासून. एका नाताळात ताप येऊन मी घरात पडले होते, आणि करमेना म्हणून बिस्किटांच्या डब्यातली हेझलची पाचही कार्डं पलंगावर ओळीने मांडली. पाचही ठसे एकाच नालेचे. आतल्या टाचेला तीच खाच, तिसऱ्या खिळ्याचं भोक तेच वाकडं. दर सहा आठवड्यांनी नाल बदलतात, हे मला शिकवलं कुणी? तूच. कुरणात सोडलेल्या घोडीला नाल मारतच नाहीत, हे कुणी शिकवलं? तूच. साऱ्या जन्मात घोड्याच्या खुराखेरीज दुसरीकडे फारसं न बघितलेल्या माणसाने ही चूक करावी! मी आधी रडले, मग मला हसू आलं, आणि तेवढ्यात तू दारातून डोकावून विचारलंस, "काय म्हणते घोडी?" तुझ्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की मी म्हटलं, "सीगल त्रास देतात म्हणे अजून." तेव्हापासून आपण दोघं एकमेकांसाठी तिला जिवंत ठेवत आलो. गेल्या नाताळात सतरावं कार्ड आलं. फिलो आत्याचं अक्षर आता कापतं, बाबा. तिलाही सुट्टी द्यायला हवी.

पुढे कॉलेजात शिकले तेव्हा उरलेलंही कळलं. ठसा डाव्या पुढच्या पायाचा, म्हणजे न मोडलेल्या पायाचा आहे. म्हणजे खूर खचायला लागल्यावर तिला जरा हलकं वाटावं म्हणून तू स्वतः नाल काढली असणार, आणि मग ती टाकवली नसणार. तिला शेवटी जे सोसावं लागलं त्याचा दोष तू स्वतःकडे घेतलास, हे तू मैदान सोडून फार्मवरच्या गाभण घोड्यांकडे गेलास तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण कोट धरून ओरडले होते मी. तू फक्त एका लहान मुलीला नाही म्हणू शकला नाहीस. शनिवारी चिखलात मला 'नाही' म्हणता आलं, ते त्या अडतीस दिवसांमुळेच. कॉर्पोरलला एक दिवससुद्धा भोगावं लागलं नाही.

आणि हे पत्र लिहिण्याचं कारण असं, की रविवारी तू शर्यत बघायला यावंस असं माझं म्हणणंच नाही. असा मोठा चुरा बहुतेक वेळा अचानक होत नाही. त्याआधी काही दिवस हाडात केसाएवढी चीर असते, आणि त्या जागी पाय किंचित गरम लागतो. तू रोज पहाटे डोळे मिटून प्रत्येक घोड्याच्या पायांवरून तळहात फिरवायचास, आणि म्हणायचास, "आज हिला नको पळवू." मी आसपासच्या तबेल्यांतल्या तीस मोतद्दारांना रविवारी सकाळी नऊला बोलावलंय, शर्यतींच्या आधी. बर्नी येणार आहे. मी त्यांना यंत्रातले फोटो दाखवू शकते, पण तळहाताने कसं ओळखायचं ते मला नीट शिकवता येत नाही. ते तुलाच येतं. हॅनराहन बाईंना मी सांगून टाकलंय, की माझे वडील शिकवणार आहेत. तेव्हा वायपर दुरुस्त करून घे, आईला पुढच्या सीटवर बसव, तिच्या हातचा मनुक्यांचा ब्रेड आण. आणि येताना ती नाल घेऊन ये. पिवळ्या दाराच्या आत मी एक खिळा ठोकून ठेवलाय.

तुझीच,
ग्रान्या