बारा फूट खोल

प्रिय गीतांजली,

तुझ्या नव्या सासरी जुन्या सासूचं पत्र बरं दिसणार नाही, म्हणून हे पोस्टात पडणार नाही. पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

आपल्या कॉलनीत सगळ्यांसाठी स्विमिंग पूल होऊन राहिला. काल नकाशा ठरवायची मीटिंग होती. सचिव तिवारीजी म्हणाले, "आंटीजी, लेडीज़ के लिए चार फीट काफी है." माझ्या तोंडून निघूनच गेलं, "काहून? एका बाजूला बारा फूट पाहिजे. माझी सून वरून सूर मारते!"

सगळे माझ्या लेकाकडे पाहू लागले. तुमच्या घटस्फोटाला चार वर्षं झाली, अन् आल्हाद तिथंच बसून मीटिंगचं लिहून राहिला होता. त्यानं मान वर केली नाही. पण शेवटी वाचून दाखवताना 'बारा फूट' खणखणीत वाचलं.

आता खरं सांगते. तू सदर बाजारातून आणलेला निळा स्विमसूट हरवला नव्हता. लोक काय म्हणतील म्हणून मीच तो रजईच्या पेटीत लपवला होता. तू आठ दिवस घरभर शोधत होतीस, अन् मी तुझ्यासोबत शोधायचं नाटक करत होते.

आज तो काढला आणि दार लावून घालून पाहिला. फार घट्ट होतो गं. तरी उसवून, कापड जोडून घेणार आहे.

उन्हाळ्यात पूल भरेल. मी चार फुटांतच उभी राहीन, बारा फुटांकडे तोंड करून.

तुला चालत असेल तर अजूनही तुझी आई,
जया