ओढ्यापलीकडचे साहेब

तीर्थरूप तात्यासो मामांच्या चरणी वृषभचा नमस्कार आणि जय जिनेंद्र.

गुडघा कसा आहे? मामींनी दिलेलं तेल लावता, की बाटली अजून कपाटावरूनच तुमच्याकडं बघते? समोरच्या घरात पहाटेच चांदीचे पैंजण घडवायची ठोकठोक सुरू होते म्हणून तुमची झोप मोडते, असं कळलं. (जन्म हुपरीत काढून ही तक्रार म्हणजे गुऱ्हाळात बसून धूर लागतो म्हणण्यासारखं झालं, पण असो.) फोनवर तुम्ही "बरं हाय" म्हणून लगेच ठेवता, म्हणून हे पत्र. मामा, मला इतका आनंद झालाय की सांगून सांगून घसा बसला. तुमच्या सूनबाईनं, सोनलनं, तर हातात कागदच दिला आणि म्हणाली, "आता मामांना कळवा. त्यांनी अजून ऐकलेलं नाही."

तर गेल्या आठवड्यात जिल्ह्यातल्या आम्हा सगळ्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना (म्हणजे तुमच्या गणिताच्या मास्तरकीच्या काळात तुम्ही ज्यांना 'डिपोटी' म्हणून दारातून चुकवायचा, तेच आम्ही) कोल्हापुरात प्रशिक्षणाला बोलावलं होतं. विषय होता, अधिकाऱ्यांनी एकमेकांकडून शिकावं. मी मनात म्हटलं, झालं! उद्घाटन, सत्कार, भाषण, जेवण, डुलकी. नवा सदरा घालून गेलो. आत बघतो तर व्यासपीठच नाही! नुसत्या खुर्च्या, त्याही गोल. मामा, टेबल नसलं की अधिकाऱ्याला हात कुठं ठेवावेत हे कळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. कुणी ते मांडीवर ठेवले, कुणी बगलेत, एकानं खिशात घातले ते जेवणापर्यंत काढलेच नाहीत. पहिली ओळ कुठली तेच कळेना, त्यामुळं सगळ्यात ज्येष्ठ साहेब बराच वेळ उभेच.

शिकवायला आदिती मॅडम म्हणून होत्या. वय लहान, आवाज शांत. त्यांनी सांगितलं, प्रत्येकानं आपल्याला न सुटलेली एकच अडचण सांगायची आणि बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. कोल्हापूरच्या माणसाला सल्ला देऊ नको म्हणायचं! अहो, इथं पत्ता विचारला तर माणूस लग्न कुणाशी करायचं तेही सांगतो. माझ्या शेजारी विजयसिंह इंगवले बसले होते, पलीकडच्या तालुक्याचे. धिप्पाड माणूस, मिशा वर. एकानं वेळेवर न येणाऱ्या हेडमास्तराची अडचण सांगताच त्यांनी पळवाट काढली. "प्रश्न विचारतो की! त्या हेडमास्तराला तुम्ही झापत का न्हाई?" मॅडम म्हणाल्या, "सर, हा सल्ला झाला." "मग आसं इचारतो. त्याला झापला तर काय बिघडंल?" (हा खेळ मी घरी सोनलवर करून बघितला. ती म्हणाली, गॅस संपलाय. मी विचारलं, "गॅस संपला तेव्हा तुला नेमकं काय वाटलं?" त्या रात्री मी पोहे भिजवून खाल्ले.)

माझी पाळी आली. मी पाणवाडीचं सांगितलं. तिथली आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी लांबच्या गावी जायचं तर वेळेला एसटी नाही, त्यामुळं पोरी सातवी झाली की घरी. हुशार पोरी, मामा! कविता अशा म्हणतात की अंगावर काटा यावा, आणि पुढच्या वर्षी बघावं तर भांडी घासतायत. हे बोलताना माझा आवाज जरा हलला. आणि विजयसिंहांनी पहिल्यांदा खरा प्रश्न विचारला.

"ही पाणवाडी म्हंजी वड्याच्या अलीकडची का वो?"

"हो."

"मग पलीकडची माळवाडी माझी की! तिथं आठवी हाय, प्रयोगशाळा हाय, मास्तर हाय. पोरंच न्हाईत. औंदा वर्ग बंद पडतोय माझा!"

मामा, मधे एक ओढा! त्यावर चांगला पक्का पूल! पण ओढ्यावर तालुका बदलतो, आणि त्यातून कुठल्याशा जत्रेत दोन वाड्यांची कबड्डीवरून डोकी फुटलेली, त्यामुळं पुलावरून माणूस जात नाही. आणि आम्ही दोघं साहेब? वर्षानुवर्षं एकमेकांच्या कचेऱ्यांना स्मरणपत्रं धाडत होतो. तोंड कधी बघितलं नव्हतं.

जेवणाची सुट्टी झाली. विजयसिंहांनी पांढरा रस्सा अर्धा टाकला (यावरून माणूस किती पेटला होता ते ओळखा), माझा हात धरला आणि म्हणाले, "चला, आत्ताच बघू." कुणाला न सांगता आम्ही त्यांच्या जीपमधून निघालो. वाटेत उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो, तिला बाजूनं मागं टाकायला गेलो तर जीप चिखलात बसली. ढकलताना नवा सदरा असा झाला की पाणवाडीत शिरल्यावर शाळा समितीच्या तानाबाईंनी आम्हाला विचारलं, "पावणं, गुरं चुकली का काय?"

ओळख सांगितली. बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "साहेब, पोरी आम्ही आज धाडतो. पर तुमी चार दिसांनी कागद पाठवून न्हाई म्हनलासा तर? पोरीची आस लावून मोडायची न्हाई." विजयसिंह खाली बघून म्हणाले, "मी सोता दारात हुबा ऱ्हातो."

मग काय, तानाबाई पुढं, पोरी मागं, त्यांच्यामागं अर्धी वाडी, आणि शेवटी चिखलानं माखलेले दोन वर्ग दोनचे अधिकारी, अशी वरात पुलावर चढली. माळवाडीला वाटलं, कबड्डीचा बदला घ्यायला आले! पलीकडून माणसं काठ्या घेऊन धावली. मी चार पावलं मागं सरकलो. विजयसिंहांनी मात्र दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली की ओढ्यातले बगळे उडाले. "मारामारी न्हाई रं, शाळा हाय! शाळा!" काठ्या खाली आल्या. एका म्हातारबुवांनी तर लाजून काठी पाठीमागं लपवली आणि पोरींना म्हणाले, "या की, चहा घेऊन जावा."

प्रयोगशाळा उघडली. साहेब आले म्हणून तिथले मास्तर आदबीनं बाजूला झाले, त्यामुळं शिकवणं आमच्यावर आलं. विजयसिंहांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कांद्याच्या पापुद्र्याचं रसाळ वर्णन केलं. "ही बघा पेशीची भित्त. कशी काळी, लांब, वाकडी!" मग सई नावाच्या पोरीनं बघितलं आणि हळूच म्हणाली, "सर, भिंती चौकोनी हायत. तुमाला दिसली ती तुमची पापणी आसंल." वर्ग असा हसला की दोन्ही वाड्या खिडकीतून हसू लागल्या. सगळ्यात मोठ्यानं हसले विजयसिंह.

सोमवारी सगळ्या पोरींची नावं आठवीत लागली. विजयसिंह शब्दाप्रमाणं दारात उभे होते. मीही होतो. तानाबाईंनी आम्हा दोघांना गूळ दिला. मी माझा खडा, मामा, तिथंच पोरींत वाटून टाकला.

मामींना नमस्कार. कळावे, लोभ आहेच.

तुमचा भाचा,
वृषभ

ता. क. : वर एक बारीक गोष्ट राहिली. माळवाडीच्या शाळेत सगळं आहे, फक्त गणिताचे मास्तर बदलून गेलेत. नवे येईपर्यंत शनिवारची सकाळची शाळा कुणीतरी सांभाळायला हवी. तुम्ही निवृत्त झाल्यापासून शाळेची पायरी चढणार नाही म्हणता, ते मी विसरलेलो नाही.

ता. क. २ : पोरींना तुमचं नाव सांगून झालंय. विजयसिंह शनिवारी जीप घेऊन तुमच्या दारात येतील. ते 'नाही' ऐकून घेत नाहीत.

ता. क. ३ : मामींना फोन करून आधीच विचारलं. त्या म्हणाल्या, "शनिवारच कशाला? रोज न्या."